गाडी तयार होती, दार तयार नव्हतं: जेनेसिस जी70 चं प्रकरण

पार्श्वभूमी

2008 च्या मध्यावर ह्युंदाईने अमेरिकेत ‘जेनेसिस’ नावाची मोठी सेडान आणली. ताकद मागच्या चाकांना, हवं असेल तर 4.6 लिटरचं व्ही8 इंजिन आणि किंमत सुमारे 33 हजार डॉलरपासून पुढे. कोरियात हीच गाडी पुढे पंखांचा बॅज लावून विकली जात होती. अमेरिकेत मात्र ग्रिलवर काहीच नव्हतं आणि डिकीवर ह्युंदाईचा तिरपा ‘एच’ होता. पुढून पाहणाऱ्याला गाडी कुणाची ते कळत नव्हतं, मागून कळत होतं. काही अमेरिकन मालकांनी कोरियातून पंखांचा बॅज मागवला आणि स्वतःच्या हाताने गाडीवर चिकटवला.

या छोट्याशा गोष्टीपाशी मी नेहमी थांबतो. गाडी आवडली म्हणून लोकांनी घेतली, पण तिच्यावरचं नाव झाकावंसं वाटलं आणि त्यासाठी त्यांनी पदरचे पैसे घातले. पुढच्या दहा वर्षांत कंपनीला जे जे अडलं, त्याची सुरुवात या बॅजपाशी दिसते.

जानेवारी 2009 मध्ये ती गाडी ‘नॉर्थ अमेरिकन कार ऑफ द इयर’ ठरली. मग इक्वस ही तिच्याहून मोठी सेडान आली. ती सगळ्या ह्युंदाई डीलरांकडे नव्हती, निवडक डीलरांनाच मिळाली. टेस्ट ड्राइव्हसाठी गाडी ग्राहकाच्या दारात नेली जायची, सर्व्हिससाठी घरून उचलून परत घरी पोचवली जायची. म्हणजे महाग गाडी घेणारा माणूस स्वस्त गाडीच्या शोरूममध्ये यायला कचरतो, हे कंपनीला तेव्हाच उमगलं होतं आणि त्यावर तिने उपायही शोधला होता: ग्राहकाला शोरूममध्ये येऊच द्यायचं नाही.

4 नोव्हेंबर 2015 रोजी सोलमध्ये उपाध्यक्ष चुंग यूइसन यांनी जाहीर केलं की जेनेसिस हा यापुढे स्वतंत्र ब्रँड असेल आणि 2020 पर्यंत त्याच्या सहा गाड्या येतील. पहिल्या दोन, जी90 आणि जी80, ह्युंदाईच्याच मोठ्या सेडानच्या परंपरेतल्या होत्या. जी80 तर आधीची जेनेसिस सेडानच, नव्या नावाने. तिसरी गाडी मात्र कोऱ्या पाटीवर काढायची होती: छोटी, चपळ, चालवणाऱ्याला सुखावणारी लक्झरी सेडान. तीच जी70.

या लेखात 2015 ते 2021 मधली, मुख्यतः अमेरिकन बाजारातली हकीकत आहे. जे जाहीरपणे घडलं तेवढंच घेतलं आहे. डीलर आणि ग्राहक यांची नावं किंवा शहरं यात कुठेही नाहीत.

अडचण

या वर्गाचा मापदंड बीएमडब्ल्यू 3 सिरीजने घालून दिला आणि ती 1975 पासून आहे. मर्सिडीज सी-क्लास आणि ऑडी ए4 सोबत आहेतच. जपानी कंपन्यांनी इथे आपापल्या परीने जोर लावला: लेक्ससने आयएस, इन्फिनिटीने जी35, अ‍ॅक्युराने टीएसएक्स. कॅडिलॅकने 2012 मध्ये एटीएस आणली. जाणकारांनी तिच्या वळण्याचं मनापासून कौतुक केलं, तरी 2018 मध्ये ती सेडान बंद झाली. गाडी चांगली असली की ती टिकतेच असं नाही, याचं उदाहरण जी70 येण्याच्या वेळी समोरच घडत होतं.

मोठ्या लक्झरी गाडीत नवख्या कंपनीला आडोसा मिळतो. आत शांतता, सीट मऊ, पाय पसरायला जागा आणि किंमत प्रतिस्पर्ध्यापेक्षा दहा-पंधरा हजार डॉलरने कमी, एवढ्यावर ग्राहक राजी होतो. छोट्या स्पोर्ट सेडानमध्ये असा आडोसा नाही. इथला ग्राहक स्वतः चालवतो. स्टिअरिंग हातात घेतल्यावर दुसऱ्या वळणाला त्याला कळतं की गाडीचं वजन कुठे आहे, ब्रेकचा पेडल किती घट्ट आहे, मागची चाकं काय बोलताहेत. ब्रोशर वाचून त्याचं समाधान होत नाही.

दुसरी अडचण पैशाची होती आणि ती वरवर दिसत नाही. अमेरिकेत लक्झरी गाड्या मोठ्या प्रमाणावर लीजवर जातात. ग्राहक पूर्ण किंमत मोजत नाही. गाडीची आजची किंमत आणि तीन वर्षांनी ती परत येताना धरलेली किंमत यांच्यातला फरक, अधिक व्याज, तो महिन्याच्या हप्त्यांत भरतो. जुन्या नावाजलेल्या ब्रँडची तीन वर्षांनंतरची किंमत सगळ्यांना ठाऊक असते. नव्या ब्रँडची कुणालाच नसते, त्यामुळे हिशेब करणारा ती हात राखूनच धरतो. परिणामी स्टिकरवर चार-पाच हजार डॉलरने स्वस्त असलेली गाडी हप्त्यात महाग पडू शकते. ‘आमची गाडी स्वस्त आहे’ हे ह्युंदाईचं वर्षानुवर्षांचं हुकमी वाक्य या वर्गात अर्धंच खरं उरतं.

तिसरी अडचण: ही गाडी विकायची कुठे? जेनेसिस स्वतंत्र ब्रँड झाला, पण अमेरिकेत त्याचं स्वतःचं एकही दुकान नव्हतं.

समोरचे पर्याय

सगळ्यात सोपा रस्ता होता पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आपल्याच एखाद्या सेडानला चांगले कपडे चढवण्याचा. अ‍ॅक्युराची टीएसएक्स अशीच होती, युरोप-जपानातली होंडा अकॉर्ड. ती गाडी वाईट नव्हती, चाहतेही होते. पण 3 सिरीजशी तुलना निघाली की ताकद पुढच्या चाकांना की मागच्या, हा प्रश्न पहिला यायचा आणि तिथेच बोलणं संपायचं. हा पर्याय बाजूला ठेवला हे योग्यच झालं. या रस्त्याने खर्च वाचतो, पण ज्याच्यासाठी गाडी काढायची तोच ग्राहक हातातून जातो.

दुसरा पर्याय: मागच्या चाकांना ताकद देणारा लहान प्लॅटफॉर्म, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा, नव्याने बनवायचा, पण खर्च एकट्याने न सोसता ह्युंदाई समूहातल्याच किआबरोबर वाटून घ्यायचा. यात गाडी अस्सल होते, खर्चही आटोक्यात राहतो. धोका एवढाच की त्याच हाडामांसाची दुसरी गाडी त्याच घरातून, कमी किमतीत बाजारात उभी राहते.

तिसरा पर्याय होता आधी एसयूव्ही आणायची आणि सेडान नंतर. 2015 मध्येच अमेरिकन ग्राहक सेडान सोडून एसयूव्हीकडे निघाला होता, हे कुणापासूनही लपलेलं नव्हतं. एप्रिल 2018 मध्ये फोर्डने उत्तर अमेरिकेत मस्टँग वगळता सेडान-कूपे वर्गातून जवळपास माघार जाहीर केली, तेव्हा तर शंकेला जागाच उरली नाही. लीज आणि डीलर या दोन्ही बाजूंनी पाहिलं तर एसयूव्ही आधी येणं फायद्याचं होतं. ब्रँडच्या प्रतिष्ठेच्या बाजूने पाहिलं तर सेडान आधी. ‘आम्ही गाडी बनवू शकतो’ हे सिद्ध करायला चालवण्याची गाडी लागते, असं आतल्यांचं मत असावं. ते मला पटतं, पण पूर्णपणे नाही. त्याकडे शेवटी येतो.

चौथा पर्याय, म्हणजे ह्युंदाईच्याच नावाने विकत राहणं, नोव्हेंबर 2015 च्या घोषणेने निकालात निघाला होता. फोक्सवॅगनने फेटॉन ही अप्रतिम बांधणीची सेडान स्वतःच्या बॅजखाली अमेरिकेत नेली आणि थोड्याच वर्षांत, 2006 मध्ये, तिथून परत आणली. एवढं उदाहरण पुरेसं होतं.

कंपनीने दुसरा पर्याय घेतला.

काय केलं: गाडी

माणसं आधी गोळा झाली होती. डिझायनर पीटर श्रायर 2006 मध्येच फोक्सवॅगन समूहातून किआत आले होते. एप्रिल 2015 मध्ये बीएमडब्ल्यूच्या एम विभागातून, म्हणजे वेगवान गाड्यांच्या विभागातून, अभियंते आल्बर्ट बिअरमन आले. 1983 पासून ते बीएमडब्ल्यूत होते. डिझायनर लुक डोंकरवोल्के बेंटलीतून आले, ब्रँड सांभाळणारे मॅनफ्रेड फित्झगेराल्ड लॅम्बोर्गिनीतून. जर्मनीत न्युर्बुर्गरिंग या शर्यतीच्या मार्गापाशी ह्युंदाईचं चाचणी केंद्र 2013 पासून उभं होतं.

बिअरमन आले तेव्हा प्लॅटफॉर्मचा आराखडा बराचसा ठरलेला होता. त्यामुळे त्यांचं काम मुख्यतः जुळणीचं होतं: सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक, गाडीची एकूण चाल. बाहेरून पाहणाऱ्याला हे किरकोळ वाटतं. पण दोन गाड्यांत तेच भाग वापरून एक बोजड आणि एक जिवंत करता येते, हा सगळा खेळ जुळणीचाच असतो. कोरियन गाड्यांत याआधी नेमकी तीच उणीव होती. भाग उत्तम, पण त्यांचा एकमेकांशी सूर लागलेला नसायचा.

मार्च 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या मोटर शोमध्ये एक संकल्पना गाडी दाखवली, नावही ‘न्यूयॉर्क कन्सेप्ट’. जानेवारी 2017 मध्ये डेट्रॉइटला किआने स्टिंगर दाखवली, त्याच प्लॅटफॉर्मवरची. स्टिंगरच्या चाकांमधलं अंतर जी70 पेक्षा जास्त, शरीर लांब, मागे मोठं उघडणारं झाकण. 15 सप्टेंबर 2017 रोजी कोरियात जी70 चं अनावरण झालं.

लांबी 4685 मिमी, चाकांमधलं अंतर 2835 मिमी. कागदावर ही मापं सी-क्लासच्या आसपासची आहेत. प्रत्यक्षात मागच्या सीटवर बसलं की गुडघे समोरच्या सीटच्या पाठीला भिडतात आणि बूट तिच्याखाली सरकवायला वाव कमी मिळतो. डिकी 10.5 घनफूट, म्हणजे तीनशे लिटरच्याही आत. दोघांच्या घराला चालेल, लहान मुलाचं मागे तोंड करून बसवायचं आसन लावायचं म्हटलं की पुढच्या सीटवालं माणूस डॅशबोर्डला टेकतं.

पुढच्या सीटवर मात्र गोष्ट वेगळी. आसन खाली, चाक हातात नीट येतं, 3.3 लिटर ट्विन टर्बो व्ही6 ची 365 हॉर्सपॉवर मागे 255 रुंदीच्या टायरांतून रस्त्यावर उतरते. कंपनीच्या आकड्यांनुसार ताशी 60 मैलांचा वेग साडेचार सेकंदांत. धाकटं इंजिन 2.0 लिटर टर्बो, 252 हॉर्सपॉवरचं. अमेरिकेत आली तेव्हा किंमत 34,900 डॉलरपासून, वाहतूक खर्च वेगळा. वर पाच वर्षांची किंवा 60 हजार मैलांची वॉरंटी, इंजिन-गिअरबॉक्सला दहा वर्षं किंवा एक लाख मैल, पहिली तीन वर्षं देखभाल फुकट आणि सर्व्हिसला गाडी घरून नेण्याची सोय. इक्वसच्या वेळचा धडा इथे परत कामी आला.

आणि अमेरिकेसाठी एक खास निर्णय: 2.0 लिटरच्या गाडीला सहा गिअरचा मॅन्युअल. त्या वेळी बीएमडब्ल्यू 3 सिरीजची नवी पिढी अमेरिकेत मॅन्युअलविना येत होती. विक्रीच्या हिशेबात या मॅन्युअलला काही अर्थ नव्हता, हे कंपनीलाही माहीत असणार. तरी तो ठेवला, कारण क्लच दाबून गाडी चालवणारे थोडे लोक असतात आणि तेच या वर्गाबद्दल लिहितात, बोलतात, मित्राला सल्ला देतात. हा निर्णय मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत देखणा वाटतो. माझी तक्रार एकच: मॅन्युअल फक्त धाकट्या इंजिनाला दिला. ज्यांच्या तोंडी नाव बसावं म्हणून तो ठेवला, त्यांना 3.3 हवा होता. 2022 च्या मॉडेलपासून मॅन्युअल बंद झाला.

डीलरशिपचा पेच

इथे प्रकरण खरं अडलं.

अमेरिकेत गाडी बनवणारी कंपनी ग्राहकाला थेट गाडी विकू शकत नाही, निदान जुन्या कंपन्या तरी. मधे डीलर असतो आणि त्याला प्रत्येक राज्याच्या कायद्याचं संरक्षण असतं. त्याच्याकडून ब्रँड काढून घ्यायचा म्हटलं तर सबळ कारण द्यावं लागतं, नाहीतर तो राज्याच्या मोटारवाहन मंडळाकडे किंवा कोर्टात जातो. शिवाय नवा ब्रँड वितरित करायला कंपनीला राज्याराज्यांत वेगळा परवाना घ्यावा लागतो आणि डीलरलाही त्याचा स्वतःचा.

2016 मध्ये जी90 आणि जी80 आल्या, तेव्हा त्या ह्युंदाईच्याच सुमारे साडेतीनशे डीलरांकडे विकायला ठेवल्या. तात्पुरती सोय म्हणून. नव्या ब्रँडला पहिल्याच दिवशी स्वतःच्या इमारती बांधायला लावणं अवघड होतं, म्हणून ही सोय समजण्यासारखी आहे. पण तात्पुरत्या सोयीवर माणसं पैसे लावतात, कोपरा सजवतात, एखादा विक्रेता नेमतात आणि मग ती सोय त्यांचा हक्क होऊन बसते.

त्या शोरूमचं चित्र डोळ्यांसमोर आणून पाहावं. दारावर मोठ्या अक्षरांत ह्युंदाई. आत शिरल्यावर स्वस्त हॅचबॅकवर सवलतीचा बोर्ड, एका टेबलावर एक जोडपं पहिल्या गाडीच्या कर्जाचे कागद भरतंय आणि पलीकडच्या कोपऱ्यात गडद रंगाच्या पॅनेलसमोर पंखांचा बॅज लावलेली सेडान उभी. 2008 मध्ये डिकीवर असलेला ‘एच’ आता गाडीवर राहिला नव्हता, तो इमारतीवर जाऊन बसला होता.

जानेवारी 2018 मध्ये कंपनीने डीलरांना सांगितलं की साडेतीनशेंवरून जेनेसिसचे डीलर सुमारे शंभरावर आणायचे आहेत, मोठ्या बाजारपेठांत, वेगळ्या दुकानांसह. ब्रँडच्या दृष्टीने हा विचार सरळ आहे. लेक्ससने 1989 मध्ये सुरुवातच थोड्या, निवडक आणि वेगळ्या डीलरांनी केली होती. फरक असा की लेक्ससने कुणाच्या हातात काही देण्याआधी निवड केली. इथे आधी साडेतीनशे जणांच्या हातात ब्रँड दिला आणि मग अडीचशे जणांकडून परत मागितला, तोही स्पोर्ट सेडान आणि त्यानंतरच्या एसयूव्ही दारात येण्याच्या सुमारास.

डीलर खवळले. ज्याने सेडानच्या मंद विक्रीची दोन वर्षं काढली, त्याला चांगले दिवस येताना ‘तुम्ही थांबा’ म्हटलं तर तो गप्प कसा बसेल? काही महिन्यांतच कंपनीने तो बेत मागे घेतला आणि जे आधीपासून विकत होते त्यांना पुढे राहण्याची संधी देऊ केली.

पण ब्रँड कायद्याने वेगळा करण्याचं काम चालू राहिलं होतं, त्यामुळे राज्यागणिक परवाने लागले. ते हळूहळू, एकेका राज्यात मिळत गेले. परवाना नाही तोवर 2019 च्या मॉडेलची गाडी त्या डीलरला देता येत नाही. 2018 चा साठा संपत गेला, नवा आला नाही.

आता त्या वर्षीच्या घटना शेजारी शेजारी ठेवून पाहा. जून 2018: गाडीमालकांच्या पाहण्या करणाऱ्या जे. डी. पॉवर या संस्थेच्या नव्या गाड्यांच्या सुरुवातीच्या दर्जाच्या पाहणीत जेनेसिस सगळ्या ब्रँडमध्ये पहिला. सप्टेंबरच्या सुमारास जी70 अमेरिकेत दाखल. नोव्हेंबर: ‘मोटर ट्रेंड’ मासिकाने तिला 2019 ची कार ऑफ द इयर ठरवलं. जानेवारी 2019: नॉर्थ अमेरिकन कार ऑफ द इयर, दहा वर्षांपूर्वीच्या सेडाननंतर पुन्हा. नव्या ब्रँडच्या नशिबात असा काळ एकदाच येतो. लेख वाचून माणूस शनिवारी शोरूममध्ये जातो, तेव्हा तिथे गाडी असायला हवी. पुष्कळ ठिकाणी ती नव्हती.

निष्पत्ती

अमेरिकेत जेनेसिसने 2017 मध्ये 20,612 गाड्या विकल्या होत्या. 2018 मध्ये 10,312. म्हणजे ब्रँडच्या सगळ्यात कौतुकाच्या वर्षात विक्री निम्म्यावर आली.

2019 मध्ये परवाने मिळत गेले आणि आकडा 21,233 वर पोचला. त्यात निम्म्याहून जास्त वाटा एकट्या जी70 चा होता. गाडीने आपलं काम केलं. पण हा आकडा जेमतेम 2017 च्या पातळीवरचा होता आणि तेव्हा जी70 नव्हतीच. दुसऱ्या शब्दांत, नव्या गाडीने जेवढं मिळवलं तेवढं मोठ्या सेडानच्या घसरणीने आणि विस्कटलेल्या डीलरशिपने खाल्लं.

2020 मध्ये महामारीच्या वर्षात 16,384. त्याच वर्षी जे. डी. पॉवरच्या टिकाऊपणाच्या पाहणीत जेनेसिस पात्र ठरल्याच्या पहिल्याच वर्षी अव्वल आला. म्हणजे तीन वर्षं वापरलेल्या गाड्यांनीही दगा दिला नव्हता. लीजच्या हिशेबात अशा गोष्टी सावकाश पण नक्की उतरतात.

मग जीव्ही80 आणि पाठोपाठ जीव्ही70 या एसयूव्ही आल्या. 2021 मध्ये विक्री 49,621. त्यातला निम्म्याहून जास्त वाटा या दोन एसयूव्हींचा. स्टिंगर 2023 मध्ये बंद झाली. जी70 टिकली, 2024 च्या मॉडेलात 2.0 च्या जागी 300 हॉर्सपॉवरचं 2.5 लिटर इंजिन आलं.

निर्णयाच्या जागा, पुन्हा पाहताना

पहिली जागा 2016 ची. जी90 आणि जी80 साडेतीनशे जणांकडे न देता, इक्वससारख्या निवडक डीलरांकडे, मुदतीच्या करारावर देता आल्या असत्या: इतकी वर्षं, या अटी, त्यानंतर नव्याने निवड. विक्री कमी झाली असती, पण दर महिन्याला दीड-पावणेदोन हजार गाड्या विकणाऱ्या ब्रँडला साडेतीनशे दुकानं हवीतच कशाला? एका दुकानाच्या वाट्याला महिन्याला चार-पाच गाड्या येतात. तेवढ्यासाठी कुणी वेगळा विक्रेता ठेवत नाही, वेगळी इमारत तर दूरच. राज्यांचे कायदे पाहता हा करार करणंही सोपं नव्हतं, हे मान्य. पण नंतर परत मागणं त्याहून अवघड जाणार हे त्याच कायद्यांत लिहिलेलं होतं.

दुसरी जागा 2018 ची, वेळेची. परवान्यांचं काम आणि गाडीचं आगमन एकाच हंगामात आलं. कोरियात गाडी सप्टेंबर 2017 मध्येच विक्रीला आली होती, अमेरिकेत यायला एक वर्ष गेलं. ते वर्ष हातात होतं. परवाने आधी, गाडी नंतर असा क्रम लावला असता, किंवा उलट, गाडी आधी जुन्या व्यवस्थेतून विकून विभाजन एक वर्ष पुढे ढकललं असतं, तरी चाललं असतं. दोन्ही एकदम करण्याचा आग्रह कुठून आला ते मला समजू शकतं. वेगळा ब्रँड म्हणून मिरवायचं तर नवी गाडी जुन्या छपराखाली उतरू नये, ही भावना त्यामागे असावी. भावना चुकीची नाही. पण ज्या ग्राहकाला गाडीच दिसली नाही, त्याला छप्पर कुठलं याने काय फरक पडणार?

तिसरी जागा स्टिंगरची. दोघींनी खर्च वाटून घेतला म्हणूनच प्लॅटफॉर्म झाला, त्यामुळे स्टिंगर नसती तर जी70 ही कदाचित नसती. मात्र तिच्या आधी सुमारे नऊ महिने स्टिंगर अमेरिकेत विकली जाऊ लागली, 31,900 डॉलरपासून, तीच इंजिनं घेऊन, मागे जास्त जागा घेऊन. जी70 आली तेव्हा पत्रकारांच्या लेखात दोघींची तुलना आधी होत असे, 3 सिरीजशी नंतर. क्रम उलटा असता तर किआची गाडी ‘जेनेसिसच्या हाडांवर बांधलेली’ म्हणून ओळखली गेली असती. ते दोघींच्याही पथ्यावर पडलं असतं.

चौथी जागा मागच्या सीटची. स्टिंगरचं लांब अंतर त्याच कारखान्याच्या हाताशी होतं. जी70 मध्ये चाळीस मिलिमीटर जरी वाढवले असते, तरी वजन थोडं वाढलं असतं, वळण्यात किंचित फरक पडला असता आणि लहान मुलं असलेल्या घरांचा गिऱ्हाईक म्हणून विचार करता आला असता. इथे मी अभियंत्यांच्या बाजूचा आहे. या गाडीने एका गोष्टीत तडजोड करायची नव्हती आणि ती तिने केली नाही. पण विक्री विभागात बसलेल्या माणसाने त्या वेळी माझ्याशी वाद घातला असता, तर त्याच्याकडे मुद्दे होते.

राहिला सेडान आधी की एसयूव्ही आधी हा प्रश्न. आकडे पाहणारा म्हणेल, एसयूव्ही आधी हवी होती, 2021 ने ते दाखवलं. मला त्यात एक अडचण दिसते. जीव्ही70 लोकांनी घेतली, तेव्हा ‘जेनेसिस म्हणजे काय’ हे विचारायची वेळ कमी जणांवर आली, कारण 2018-19 चे पुरस्कार, चालवून लिहिलेले लेख, टिकाऊपणाचा पहिला नंबर हे सगळं सेडाननी मिळवून ठेवलं होतं. एसयूव्हीला बक्षिसं मिळतात, पण तिच्या स्टिअरिंगवर कुणी कविता करत नाही. म्हणून क्रम चुकला असं मी म्हणणार नाही, अंतर चुकलं असं म्हणेन. जी70 आणि पहिली एसयूव्ही यांच्यात अमेरिकेत दोन वर्षांहून जास्त गेली आणि तेवढा काळ डीलर फक्त सेडान घेऊन बसला होता, ज्या बाजाराने सेडानकडे पाठ फिरवली होती.

2018 च्या शरद ऋतूत ज्याने जी70 तीन वर्षांच्या लीजवर नेली, त्याची मुदत 2021 च्या शरदात संपली. किल्ली परत द्यायला तो त्याच शोरूममध्ये आला, तेव्हा जीव्ही70 तिथे आलेली होती. त्याच्या तीन वर्षं जुन्या गाडीत मागे बसायला ज्यांनी कुरकुर केली होती, ती मंडळी बहुधा त्या दिवशी त्याच्यासोबतच होती.